शॉकअप बदलले, आवाज राहिला

संशयी : मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकले, पैसे मोजले, आणि मिलिटरी रोडच्या पहिल्याच गतिरोधकावर मागून डावीकडून तोच 'ठक्' आला. आता एक गॅरेजवाला म्हणतो बुश गेले, दुसरा म्हणतो स्प्रिंग बसली, तिसरा सांगतो अख्खी बीमच बदला. तिघांची बोटं तीन ठिकाणी आणि तिघेही छातीठोक. गाडी सात वर्षांची, डिकीत सीएनजीची टाकी; पण चालते सरळ, ब्रेक नीट लागतो, टायर सारखे झिजतात. मग ज्या आवाजाने काही अडत नाही त्याच्या मागे लागायचं कशाला? मेट्रो तीनचं काम चाललं होतं तेव्हा मरोळ नाक्याच्या उखडलेल्या रस्त्यावरून आपण वर्षानुवर्षं गाड्या हाकल्या. त्या दणदणाटात कुठल्या गाडीचं काय वाजतंय हे कोणी ऐकलं? ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी मेट्रो सुरू झाली, वरचा रस्ता जरा बरा झाला, आणि बारीकसारीक आवाज ऐकू यायला लागले. माझा संशय असा, की आवाज आधीपासून होता. आपण ऐकायला आता लागलो.

शोधक : काका, तसं असेल तर तो आवाज आणखी गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मग तो किती दिवसांचा आहे हेही आपल्याला माहीत नाही. आणि 'काही अडत नाही' हे कशाच्या जोरावर म्हणता? ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर, सेलेरिओ आणि इग्निस या मॉडेलांच्या ९,९२५ गाड्या परत बोलावल्या. ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या महिन्याभरात बनलेल्या त्या गाड्या. मागच्या ब्रेकच्या जुळणीतल्या एका पिनेत दोष असण्याची शक्यता होती. कंपनीने जाहीरपणे काय सांगितलं? ही पिन तुटू शकते, तुटली तर वेगळाच आवाज येऊ शकतो, आणि पुढे जाऊन ब्रेकवर परिणाम होणारच नाही असं म्हणता येत नाही. म्हणजे गाडी सरळ चालत असेल, ब्रेकही लागत असेल, आणि चालवणाऱ्याला मिळणारी पहिली खूण फक्त आवाज असेल. तुमची गाडी त्यातली आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की आवाज ही तक्रार नसते, ती माहिती असते. ती रेडिओखाली दाबून टाकली तर आपण स्वतःच आपल्याला अडाणी ठेवतो.

संशयी : कंपनीकडे हजारो गाड्यांचा हिशेब असतो. कुठल्या दिवशी कुठला भाग कुठल्या गाडीत बसला याची नोंद असते. माझ्याकडे एक गाडी आणि दोन कान. आणि या कानांवर माझा विश्वास नाही. आवाज डावीकडून येतो असं मी म्हणतो, बायको म्हणते उजवीकडून, मुलगा मागच्या सीटवर बसतो त्याला तो थेट पायाखाली वाटतो. गाडीचा डबा म्हणजे पत्र्याचा ढोल. एका टोकाला थाप मारली की सगळं अंग वाजतं. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून पाच हजारांच्या घरात. डाव्या कानाला आधी पोचला की उजव्या, यावरून आपण दिशा ठरवतो, आणि तो फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. पत्र्यातून धावत आलेला आवाज डिकीच्या झाकणातून, दारातून, सीटखालून एकदमच कानावर पडला तर तो कुठून निघाला हे कान काय कपाळ सांगणार? ज्या पुराव्याची दिशाच खोटी, त्यावर तू अख्खा शोध उभारतोस.

शोधक : दिशा खोटी असेल, पण वेळ खोटी नसते. म्हणून कानाला 'कुठे' न विचारता 'कधी' विचारावं. आपल्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २.४५ मीटर अंतर आहे. ताशी दहा किलोमीटरने गतिरोधकावर गेलो, तर पुढचं चाक चढल्यावर मागचं चढायला जवळजवळ नऊ दशांश सेकंद लागतात. इतक्या वेळात पुढचा आवाज आणि मागचा आवाज कोणीही वेगळा करू शकतो. ताशी चाळीसवर तेच अंतर ०.२२ सेकंदात संपतं आणि सगळं एकात एक मिसळतं. म्हणून हळू चालवायचं. मग पुढचा प्रश्न : चाक चढताना वाजतं, की उतरून खाली सुटताना? चढताना स्प्रिंग दबते, उतरताना सुटते. सुटताना एकदाच 'ठक्' होत असेल तर कुठल्या तरी सांध्यात मोकळी जागा आहे आणि तो सांधा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतोय. गाडी संथ डोलताना 'करकर' होत असेल तर रबर धातूवर घासतंय. ठरावीक वेगाला भणभण असेल तर सायलेन्सरचे टांगते रबर बघावे. खडखड असेल तर आधी स्टेपनी आणि जॅक. सिमेंटच्या रस्त्यावर तालात थडथड येत असेल तर तो आवाज रस्त्याच्या सांध्यांचाच असू शकतो. असे सांधे बहुधा साडेचार मीटरच्या आसपास असतात. ताशी चाळीसला सेकंदाला अडीच ठोके बसतात. वेग कमी केला आणि ठोकेही त्याच प्रमाणात कमी झाले, तर गाडीला हात लावायचं कारण नाही. यातलं काहीही कळायला पाना लागत नाही.

संशयी : हे सगळं गाडीत बसून ठीक. गॅरेजात काय होतं ते बघ. मी गाडी नेली, पोऱ्याने ती लिफ्टवर चढवली, उस्तादाने टॉमी घालून प्रत्येक सांधा हलवून बघितला. सगळं घट्ट. चाक हाताने हलवलं, हललं नाही. रबरी हातोडी मारली, काही वाजलं नाही. खाली उतरवली, गेटच्या बाहेरच्या खड्ड्यात गेली आणि 'ठक्'. उस्ताद माझ्या शेजारी बसला होता, त्यानेही ऐकलं. आता तो खोटं बोलत नव्हता आणि मीही नव्हतो. ज्या गोष्टीवर प्रकाश टाकला की ती नाहीशी होते, ती तू कशी पकडणार? शेवटी त्याने शॉकअप सांगितले, कारण काहीतरी सांगायला हवं होतं.

शोधक : ती नाहीशी झाली नाही, तिला वाजायला लागणारं वजनच तुम्ही काढून घेतलंत. लिफ्टच्या हातांनी गाडी पोटाखाली उचलली की मागची चाकं लोंबतात, स्प्रिंगा पूर्ण सुटतात, प्रत्येक बुश एका बाजूला ताणून बसतो. जी मोकळी जागा रस्त्यावर वाजते ती अशा वेळी ताणाखाली बंद झालेली असते, म्हणून टॉमीला सगळं घट्ट लागतं. तपासणी चाकांवर उभ्या गाडीची व्हायला हवी : ज्या रॅम्पवर गाडी चालवत नेतात तिथे, नाहीतर जुन्या पद्धतीच्या खड्ड्यावर. एकाने वरून मागची बाजू दाबून सोडायची, दुसऱ्याने खाली उभं राहून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. 'ठक्' कानाला फसवेल, बोटाला फसवत नाही. ज्या बोल्टवर तो होतो तिथे बोटाला टोचतो.

आणि मागे बघायचं तरी किती असतं? आपल्यासारख्या छोट्या गाड्यांना मागे दोन चाकांना धरणारे दोन हात, त्यांना जोडणारी एक आडवी बीम, आणि ती बीम पुढच्या टोकांना फक्त दोन बुशांवर गाडीच्या अंगाला टांगलेली. दोन स्प्रिंगा, त्यांच्या वर-खाली रबराच्या गाद्या, दोन शॉकअप, त्यांच्या टोकांना रबर, आणि चाक पार वर आलं तर धक्का झेलणारे दोन रबरी ठोकळे. बस. त्यात ब्रेकचे ड्रम धरा, सायलेन्सर धरा, आणि मुंबईत डिकीतल्या सीएनजीच्या टाकीचे पट्टे नि स्टँड धराच. कंपनीने गाडी डिझाइन केली तेव्हा ती टाकी तिथे नसेल, तर तिचे बोल्ट नंतर कोणीतरी डिकीच्या पत्र्याला भोक पाडून बसवलेले असतात. तिची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते, म्हणजे ती अधूनमधून काढून पुन्हा बसवली जाते. तिचा पट्टा किंचित सैल असेल तर तो मागच्या डाव्या कोपऱ्यात नेमका सस्पेन्शनसारखाच वाजेल. शॉकअप बदलायच्या आधी कोणी त्या पट्ट्याला पाना लावला होता का?

संशयी : नव्हता लावला. पण का नव्हता लावला ते समजून घे, नाहीतर तू त्या माणसावर अन्याय करशील. मरोळच्या गल्लीतल्या गॅरेजात जागा दोन गाड्यांची, लिफ्ट एक. माझी गाडी तिथे चार तास उभी राहिली तर चार तास दुसरं काम बंद. शॉकअप बदलले तर भागावर चार पैसे सुटतात आणि बसवायची मजुरी मिळते. शोधायची मजुरी कोण देतं? बिलावर 'चार तास शोधलं, सापडलं नाही' असं लिहून त्याने माझ्यापुढे धरलं असतं तर मीच भांडलो असतो. आपण भागाचे पैसे आनंदाने देतो, कारण भाग हातात धरता येतो. अक्कल हातात धरता येत नाही. म्हणून सगळा धंदा भाग बदलण्यावर उभा राहिला. यात लबाडी असते कधीकधी, पण मूळ कारण ती नाही. मूळ कारण आपण गिऱ्हाइकं आहोत.

आणि दुसरी गोष्ट. तुझा शोध नवा नाही, आणि त्यांचा अंदाज म्हणजे नुसता अंदाज नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी इथेच कुर्ल्याला बनायची. या शहरात तिच्या इतक्या टॅक्सी होत्या की उस्तादाच्या हाताखालून आयुष्यभर एकच गाडी जायची. तिला मागे पाटे होते; पाट्यावर पाटा घासला की कुठला आवाज येतो, शॅकलचा बुश गेला की कुठला, हे त्याला गाडी गल्लीत वळायच्या आतच कळायचं. त्याने खाली न वाकता सांगितलेलं बरोबर निघायचं. तू त्याला अंदाज म्हणणार की ज्ञान?

शोधक : ज्ञानच, काका. आणि ते ज्ञान कशावर उभं होतं ते तुम्हीच सांगितलंत : एकच गाडी, तेच भाग, तेच रस्ते, आणि चुकला तर संध्याकाळी परत येणारा टॅक्सीवाला. प्रत्येक अंदाजाचा निकाल उस्तादाला कळत होता, म्हणून त्याचा कान सुधारत गेला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, पण तो कान तिच्या आधीच मोडीत निघायला लागला होता. आज त्याच गॅरेजात दिवसाला दहा वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात, प्रत्येकीची मागची बांधणी थोडी निराळी. आणि आवाज गेला नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही, दुसऱ्या गॅरेजात जातं. तुम्ही गेलात तसं. म्हणजे ज्याने शॉकअप सांगितले त्याला आपण चुकलो हे आजही माहीत नाही. त्याचा कान सुधारणार कसा?

संशयी : बरं, मग निदान शक्यतेचा हिशेब तरी कर. सात वर्षांची गाडी, मागे कायम टाकीचं ओझं, मुंबईचा पाऊस. अशा गाडीत बुश गेलेले असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बुश काही सोन्याचे नसतात. टाकून मोकळं व्हावं. आवाज गेला तर बुश होते, नाही गेला तर पुढचं बघू. तुला सिद्ध कशाला करायचं असतं?

शोधक : कारण आवाज गेला तरी बुश होते हे सिद्ध होत नाही. बुश बदलायला बीम खाली घ्यावी लागते. त्यासाठी शॉकअपचे खालचे बोल्ट सुटतात, स्प्रिंगा जागेवरून निघतात, ब्रेकची नळी सुटते. परत बसवताना स्प्रिंगचं टोक आपल्या खाचेत नीट बसतं, सैल असलेला बोल्ट आवळला जातो, गादीखालची वाळू झटकली जाते. यातल्या कशानेही आवाज जाऊ शकतो, आणि श्रेय मात्र बुशला मिळतं. पुढच्या दहा गाड्यांना मग त्याच आत्मविश्वासाने बुश सुचवले जातात.

उलट, बसवण्यात चूक झाली तर नवा दोष आत शिरतो. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मधे चिकटवलेलं रबर. ते फिरत नाही, पिळलं जातं आणि परत येतं. चाकं लोंबत असताना त्याचा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसता टेकवायचा, गाडी चाकांवर उभी करायची, आणि मग आवळायचा. एकच लिफ्ट आणि बाहेर थांबलेली दुसरी गाडी, अशा घाईत ही पायरी हमखास गळते. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा : एका वेळी एकच बदल. डिकी पूर्ण रिकामी करून तोच गतिरोधक, त्याच वेगाने. मग टाकीचा पट्टा आवळून. मग ब्रेकवर हलका पाय ठेवून. आवाज बदलला तर ड्रमकडे बघायचं. मग बुशवर नुसतं पाणी मारून. तेल कधीच नाही, तेलाने रबर फुगतं. आणि ज्याने आवाज गेला ते परत पहिल्यासारखं करून बघायचं. मर्जीने घालवता आला आणि मर्जीने परत आणता आला, तरच कारण सापडलं.

संशयी : आता माझ्या गाडीची एक गोष्ट ऐक आणि तुझ्या नियमात बसव. मोठा पाऊस झाला की आवाज जातो. सुकलं की येतो. तुझ्या पाणी मारण्याच्या चाचणीप्रमाणे बुश दोषी. पण तूच म्हणालास की रबराची करकर असते आणि मोकळ्या सांध्याचा 'ठक्' असतो. माझा 'ठक्' आहे. पाण्याने मोकळी जागा भरते का?

शोधक : नाही भरत. रबर आधी अडकून राहत असेल आणि मग एकदम सुटत असेल, तर कोरड्यात 'ठक्' होऊ शकतो आणि ओल्यात तो सरकून जाईल. किंवा पावसात तुम्ही सावकाश चालवता, किंवा टपावरच्या आवाजात तो ऐकू येत नाही. किंवा आवाज दोन आहेत.

संशयी : तिथेच तुझी पद्धत अडते. एकेक गोष्ट वगळत जायचं हे चालतं केव्हा? गुन्हेगार एकच असेल तेव्हा. दोन असतील तर एकाला काढलं तरी आवाज राहतो, आणि तू त्याला निर्दोष ठरवून परत बसवतोस. आणखी पुढचं सांगतो. मी सुरुवातीला म्हणालो, शॉकअप बदलले आणि तोच आवाज आला. तोच कशावरून? जुने शॉकअप खरोखर गेलेले असतील, आणि नवे बसवताना वरचा नट अर्धवट आवळला गेला असेल. तो नट डिकीच्या अस्तराखाली असतो, कोण बघतो? म्हणजे पहिला दोष गेला, दुसरा आला, आणि दोघांचा 'ठक्' माझ्या कानाला एकच. जुने शॉकअप भंगारात गेले. आता ते दोषी होते की नव्हते हे तू कुठल्याही चाचणीने सांगू शकत नाहीस.

शोधक : नाही सांगू शकत. हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणून मी माझी मागणी बदलतो. पहिलं काम आवाज शोधणं नव्हेच. पहिलं काम, जे तुटलं तर गाडी हातातून जाईल ते डोळ्यांनी बघणं : स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटलंय का, बीमच्या वेल्डिंगला चीर आहे का, बुशचं रबर नळीपासून सुटलंय का, टायरच्या आतल्या बाजूला घासल्याची खूण आहे का, ड्रम उघडून पिना आणि शू जागेवर आहेत का, टाकीच्या स्टँडचा पत्रा फाटतोय का. फोर्ड इंडियाने २०१२ मध्ये फिगो आणि क्लासिकच्या लाखावर गाड्या परत बोलावल्या, त्यात एक कारण मागची ट्विस्ट बीम होती, म्हणजे हीच आडवी बीम. ही तपासणी आवाज असो वा नसो, करायलाच हवी. आवाजाने फक्त तिची तारीख अलीकडे आणली. ती झाल्यावर उरतो तो आवाज शोधायचा की सोसायचा, हे ज्याने त्याने खिसा बघून ठरवावं.

संशयी : इथे आपण जवळ आलो, पण एक नाही झालो. कारण चीर नेहमी दिसतेच असं नाही. रंगाखालची, वेल्डिंगच्या आतली चीर या गल्लीत कोण बघणार? पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत आवाज आणि कंपन मोजायच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे दिसेल. गल्लीतला उस्ताद बॅटरी धरून बघणार आणि 'ओके आहे' म्हणणार. मग त्या 'ओके'वर मी बायका-पोरांना बसवून घाटात गाडी घालायची का? तू म्हणशील आवाज वाढतोय का ते बघा. वाढला तर थांबेन. पण न वाढणारा आवाज निर्धोक असतो, हे तरी कोणी सिद्ध केलंय?

शोधक : कोणीच नाही. चीर आवाज न वाढवताही वाढू शकते, आणि निव्वळ सैल पट्टा वर्षभर बोंबलत राहून काहीही बिघडवत नाही. म्हणून नुसतं मोठ्याने ऐकू येतं की बारीक, यावर धोका ठरवता येत नाही. पण वजन वाढवल्यावर काय होतं, ब्रेक दाबल्यावर काय होतं, कुठल्या सांध्यावर बोटाला लागतं, या तीन उत्तरांवर धोका पूर्ण नाही तरी बराच कळतो. ती तीन उत्तरं तुमच्याकडे आज नाहीत. तीन गॅरेजांकडे नव्हती. बीम बदलायच्या खर्चाच्या अगदी लहान भागात ती मिळतील, जर तुम्ही उस्तादाला आधीच सांगितलंत, की तास मोजून पैसे देतो, भाग एकही लावायचा नाही, सापडलं नाही तरी पैसे तुमचे.

संशयी : तेवढं मी करेन. नव्या शॉकअपच्या वरच्या नटापासून सुरुवात करायला सांगेन आणि शेजारी उभा राहीन. पण एक अट. त्या दिवशी आवाज गेला, तर तू मला 'सापडला' म्हणायचं नाहीस. तो नट पुन्हा ढिला करून, त्याच गतिरोधकावर तो परत ऐकल्याशिवाय नाही.

शोधक : आणि परत आला नाही तर?

संशयी : तर आवाज गेला एवढंच बिलामागे लिहायचं, कारण कळलं, असं लिहायचं नाही. बीमवर तेव्हाही माझी नजर राहील.